पाच वर्षं एकच आकडा

तिला सगळे टेस्टरबाई म्हणत. खरं नाव परवान्यावर होतं, पण परवाना मागायची वेळ कुणावर येत नसे. ती दारात यायची, खांद्यावरची खाकी पिशवी खाली ठेवायची, चपला काढून जाड रबरी तळाचे बूट चढवायची, आणि समोरच्याला कळून चुकायचं की ही बाई आता घरातलं काहीही जागेवर राहू देणार नाही. फ्रिज पुढे ओढायला लावणार. पलंगाखालच्या प्लगपर्यंत सरपटत जाणार. आणि "तिकडे काही नाही हो बाई" असं कुणी म्हणालं, की आधी तिकडेच जाणार.

वय बावन्न. अंगाने शिडशिडीत, उंची बेताची. प्रत्येक घरात आधी स्टूल मागून घ्यावं लागायचं. काम तसं साधं. घराचा विमा काढायचा असो, घर भाड्याने द्यायचं असो की विकायचं असो, मालकाला वायरिंग सुरक्षित असल्याचा दाखला लागतो. तो दाखला ती द्यायची. किंवा द्यायची नाही. हे 'द्यायची नाही' तिच्या धंद्यातले बाकीचे लोक जवळजवळ विसरूनच गेले होते.

ती या धंद्यात आली तीही आडवाटेने. अकरा वर्षं ती एका वीज कंत्राटदाराच्या ऑफिसात टायपिस्ट होती. तपासनीस बाहेरून आकडे खरडून आणायचे, ती ते कोष्टकात बसवायची. हजारो आकडे बोटांखालून गेले आणि हळूहळू तिला त्यांची चाल कळायला लागली. खऱ्या मोजणीचे आकडे ओबडधोबड असतात. एकाच बंडलातली वायर दोन खोल्यांत टाकली तरी मीटर एकीकडे बेचाळीस दाखवतो, दुसरीकडे अडतीस. जिथे चौदा खोल्यांना ओळीने पन्नास-पन्नास लिहिलेलं असे, तिथे मीटर पिशवीतून बाहेरच निघालेला नसे. तिने हे एकदा बोलून दाखवलं, तर एक तपासनीस म्हणाला, "बाई, तुम्ही बोटं चालवा. डोकं कशाला चालवताय?" ऑफिस खो-खो हसलं.

एकटे मास्तर हसले नाहीत. मास्तर म्हणजे तिथले सगळ्यात जुने वायरमन; निम्म्या शहराच्या भिंतींत त्यांच्या हातच्या वायरी होत्या. दुसऱ्या दिवशी ते तिला बरोबर कामावर घेऊन गेले, मीटर तिच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "आकड्याची शंका आली ना पोरी, मग आकडा स्वतः बघायचा." पुढची दोन वर्षं सुट्टीच्या दर दिवशी ती त्यांच्यामागे फिरली. छत्तिसाव्या वर्षी परीक्षेचा फॉर्म भरायला गेली, तर खिडकीवरच्या कारकुनाने विचारलं, "मुलाचा का?"

"मुलगा नाही मला. माझा आहे."

पहिल्या खेपेला नापास झाली. दुसऱ्या खेपेला पास झाली, आणि निकालाचा कागद घेऊन आधी मास्तरांकडे गेली, मग घरी.

त्यानंतर चौदा वर्षांनी तिला अध्यक्षांचा फोन आला. अध्यक्ष म्हणजे घरमालक संघटनेचे अध्यक्ष. संघटनेकडे तपासनिसांची एक यादी होती. मालकमंडळी त्या यादीतूनच माणूस बोलवायची आणि टेस्टरबाईचं निम्म्याहून जास्त काम तिथूनच यायचं.

"आमच्या चार मजली इमारतीचा दाखला हवाय," अध्यक्ष म्हणाले. "विम्याची मुदत संपतेय. दरवर्षी मास्तर करायचे, पण आता त्यांचे गुडघे साथ देत नाहीत. तुम्ही त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या, म्हणून तुम्हाला सांगतोय. वीस मिनिटांचं काम आहे."

"बिऱ्हाडं किती?"

"सोळा. खाली एक दुकान."

"मग दोन दिवस लागतील."

फोनवर अध्यक्षांचं हसू ऐकू आलं. मग अध्यक्ष म्हणाले, "बरं, या तर खरं."

इमारत वरवर बघायला झकास होती. नुकता रंग दिलेला, जिन्याला नवा कठडा, आणि तळमजल्यावर झुंबरांचं दुकान. दुकानाची फरशी तर अशी गुळगुळीत की वरचं प्रत्येक झुंबर खाली पुन्हा एकदा दिसायचं. टेस्टरबाईने दुकान शेवटी बघायचं ठरवलं आणि जिना चढायला लागली.

दुसऱ्या मजल्यावर एक शिंपीणकाकू राहायच्या. पुढच्या खोलीत दोन विजेवरची शिलाई मशीनं, मागच्या खोलीत म्हाताऱ्या सासूबाई. काकूंनी कपड्यांचे ढीग बाजूला करून बाईला न्हाणीघरापर्यंत वाट करून दिली आणि अगदी सहज म्हणाल्या, "नळ तेवढा सांभाळून हं. चावतो."

टेस्टरबाईचा हात नळापासून वीतभर अंतरावर होता, तो तिथेच थांबला. "चावतो म्हणजे?"

"म्हणजे झिणझिण्या येतात. ही फळी ठेवलीय ना, तिच्यावर उभं राहायचं, पायांत रबरी चपला घालायच्या आणि मग सोडायचा. काही होत नाही. सासूबाईंना मात्र मी बादली बाहेरच आणून देते."

"कधीपासून चालू आहे हे?"

"झाली की चार-पाच वर्षं."

जिन्यात एव्हाना शेजारपाजारच्या चार बाया जमल्या होत्या. एकजण म्हणाली, "आमचा नळ नाही चावत, फ्रिज चावतो." दुसरीने सांगितलं की त्यांच्याकडे धुलाई मशीन चावतं, पण फक्त ओल्या हाताला. आणि मग सगळ्याजणी आपापल्या घरातल्या चावऱ्या वस्तूंबद्दल अशा हसत-हसत बोलायला लागल्या की जणू पाळलेल्या मांजरांबद्दल बोलताहेत.

"मालकांना सांगितलंत?"

"सांगितलं की. ते म्हणाले, चपला घाला."

टेस्टरबाईला राग येत असे तेव्हा ती बोलायची थांबायची. ती थांबली. खाली अंगणात जाऊन तिने मातीत लोखंडी खुंटी ठोकली, तिला लांब वायर बांधली, वायर खिडकीतून वर घेतली. मीटरचं एक टोक त्या वायरीला लावलं, दुसरं नळाला. शहाण्णव व्होल्ट. तिने काकूंना जवळ बोलावून तो आकडा दाखवला.

"हा आकडा शून्य असायला हवा, काकू. तुम्ही पाच वर्षं फळीच्या जोरावर जिवंत आहात."

काकूंचं हसू मावळलं. मागच्या खोलीतून सासूबाईंनी "काय झालं गं?" म्हणून विचारलं, तर काकूंनी आधी न्हाणीघराचं दार लावून घेतलं.

मग टेस्टरबाईने एकेका घराचा गिझर बंद करत-करत, चौथ्या मजल्यावर एका पेन्शनर गृहस्थांकडे बिघडलेला गिझर गाठला. त्याच्या आतली वीज गळून बाहेरच्या पत्र्यावर आली होती. असं कुठेही होऊ शकतं. पण अशा वेळी ती वीज अर्थिंगच्या वायरीतून गुपचूप जमिनीत जायला हवी. इथे ती जमिनीत न जाता सोळा घरांच्या गिझरवर, तिथून पाण्यातून नळांवर, शिवाय फ्रिजवर आणि मशीनांवर फिरत होती. म्हणजे सगळ्यांच्या अर्थिंगच्या वायरी एकमेकींना जोडलेल्या होत्या, फक्त जमिनीला जोडलेल्या नव्हत्या.

दुसरा दिवस तिने मीटरच्या खोलीत काढला. तिथलं जुनं लोखंडी कपाट दोघा हमालांकडून हलवून घेतलं, तेव्हा मागच्या भिंतीवर तिला हवं ते सापडलं. वरून आलेली अर्थिंगची जाड तांब्याची पट्टी कमरेइतक्या उंचीवर करवतीने सरळ कापलेली होती. कापलेलं टोक भिंतीलगत दुमडलं होतं, आणि रंगारी आला तेव्हा त्याने भिंतीबरोबर त्या टोकालाही रंग दिला होता. फिकट पिवळा.

बोर्डावर आणखी एक गंमत होती. वीज गळायला लागली की आपोआप पुरवठा तोडणारा स्विच, ज्याला लोक ट्रिपर म्हणतात, तो जागेवर होता. पण वायरी त्याला वळसा घालून पुढे गेल्या होत्या. रखवालदाराला विचारलं तर तो म्हणाला, "तो सारखा पडायचा हो. भाडेकरूंची कटकट. म्हणून साहेबांनी वायरमन बोलावून बाजूला काढला."

"पडायचा म्हणजे काम करत होता तो!" टेस्टरबाई इतक्या जोरात म्हणाली की रखवालदार दोन पावलं मागे सरला.

रखवालदाराला खोदून-खोदून विचारल्यावर सगळं हळूहळू उलगडलं. पाच वर्षांपूर्वी इमारतीचे जुने लोखंडी पाइप काढून प्लास्टिकचे टाकले होते. लोखंडी पाइप निदान थोडी गळती जमिनीत नेत होते, तेही गेले. त्याच वेळी तळमजल्यावर झुंबरवाला आला, नवी फरशी पडली, पट्टी जिथे जमिनीत उतरते तो अर्थिंगचा खड्डा त्या फरशीखाली गाडला गेला आणि मध्ये येणारी पट्टी फरशीवाल्यांनी कापून टाकली. तेव्हापासून नळ चावायला लागला.

अध्यक्षांचं ऑफिस झुंबरांच्या दुकानामागेच होतं. त्यांनी चहा मागवला, पेन पुढे केलं. टेस्टरबाईने दोन्हींना हात लावला नाही.

"मला जुने अहवाल बघायचेत."

फाइल जाडजूड होती. तिने पहिल्यापासून पानं उलटली. अर्थिंगच्या रकान्यात आकडा जितका कमी तितकं बरं. तिथे सुरुवातीला एक पूर्णांक चार, मग एक पूर्णांक सहा, मग एक पूर्णांक पाच, मग एक पूर्णांक आठ. अगदी मास्तरांना शोभतील असे खरे, वेडेवाकडे आकडे. आणि मग गेली पाच वर्षं ओळीने एक पूर्णांक आठ. एक पूर्णांक आठ. एक पूर्णांक आठ. प्रत्येकाखाली मास्तरांची लपेटदार सही. टेस्टरबाईने त्या रकान्यावरून बोट फिरवलं. अकरा वर्षं टायपिंग केलेल्या बोटांना तो आकडा कागदावरही खोटा लागत होता.

"बघा," अध्यक्ष म्हणाले, "तुमच्या गुरूंनी पास केलेली इमारत आहे. आणि तो गिझर तर तुम्हीच शोधलात, बंद केलात. आता नळ चावत नाही. झालं ना काम? करा सही."

"उद्या दुसऱ्या कुणाचा गिझर बिघडेल. परवा धुलाई मशीन. वीज जाणार कुठे? अर्थिंगच नाही तुमच्या इमारतीला."

"कागदावर आहे."

"अंघोळ काही कागदावर उभं राहून करत नाहीत लोक."

अध्यक्षांनी कप खाली ठेवला. त्यांचा आवाज मऊ होता आणि तो मऊच राहिला. "बाई, खड्डा उकरायचा तर झुंबरवाल्याची फरशी फोडावी लागेल. तो दुकान सोडून जाईल. तुम्ही विचार करा. संघटनेची यादी दरवर्षी नव्याने होते, एवढं लक्षात असू द्या."

"माझं नाव काढायचं असेल तर खुशाल काढा. सही मिळणार नाही."

तिने तिथेच बसून अहवाल लिहिला. 'धोकादायक. अर्थिंग पूर्ववत होईपर्यंत पुरवठा बंद ठेवावा.' एक प्रत अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली, एक वीज कार्यालयासाठी पिशवीत घातली, आणि जाता-जाता जिन्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत कागद डकवला: गिझर लावू नका, फ्रिजला आणि नळाला ओला हात लावू नका. रखवालदार म्हणाला, "बाई, साहेब फाडतील तो."

"मग मी उद्या दुसरा लावीन."

वीज कार्यालयात जायच्या आधी ती मास्तरांकडे गेली. खिडकीपाशी खुर्ची, गुडघ्यांवर गरम पाण्याच्या पिशव्या, समोर उघडून ठेवलेली इस्त्री. तिला पाहून त्यांचा चेहरा उजळला. तिला वाटलं, न विचारताच परत फिरावं. पण तिने विचारलं.

"मास्तर, त्या अध्यक्षांच्या इमारतीत तुम्ही शेवटचे कधी गेला होतात?"

त्यांनी इस्त्रीचा स्क्रू हातात फिरवला. "का गं?"

"पाच वर्षं एकच आकडा आहे."

"असेल. ते अर्थिंग माझ्या हातचं आहे, पोरी. तांब्याची प्लेट, कोळसा, मीठ, सगळं स्वतः भरलंय. शंभर वर्षं हलायचं नाही ते."

"गेला होतात का?"

"जिना चढवत नाही मला आता. अध्यक्ष माणूस पाठवायचे, फाइल इथेच यायची. माझ्याच कामावर माझी सही, त्यात चुकलं काय?"

तिने मोबाइलवरचा फोटो पुढे केला. फिकट पिवळ्या रंगात बुडालेलं तांब्याचं टोक. मास्तरांनी चष्मा वर सरकवून बराच वेळ पाहिलं. मग त्यांचा चेहरा लाल झाला, पण राग निघाला तो तिच्यावरच.

"तुला मीटर धरायला कुणी शिकवलं? आणि आज माझ्याच दारात येऊन मला जाब विचारतेस? जा तू. घरी जा."

"जाते. पण अहवाल जातोच आहे, मास्तर. तुमच्या पाचही सह्यांचा उल्लेख आहे त्यात. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी सांगायला आले."

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. टेस्टरबाईला रडू आलं होतं, पण जिना उतरून रस्त्यावर येईपर्यंत तिने ते अडवून धरलं. रस्त्यावर मात्र एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून ती पोटभर रडली, पदराने तोंड पुसलं आणि उठून वीज कार्यालयाकडे चालू लागली.

तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. मितभाषी माणूस, भांडणाचा वाराही न सोसणारा. त्या संध्याकाळी डोळ्यावरचं भिंग न काढताच तो म्हणाला, "अध्यक्षांचा फोन होता. तुला समजावून सांग म्हणत होते. पुन्हा करतील."

"मग?"

"मी सांगतो, ती घरी नाही."

"अहो, असं कशाला? सांगा, घरी आहे आणि नाही म्हणतेय."

त्याने भिंग काढलं, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा लावलं. फोन आला तेव्हा त्याने शब्द न् शब्द तसाच सांगितला. फक्त आवाज थोडा कापत होता.

तिसऱ्या दिवशी वीज कार्यालयाचा अधिकारी आला, स्वतः मीटर लावून त्याने खात्री केली आणि इमारतीचा पुरवठा तोडला. अध्यक्षांनी भाडेकरूंना एवढंच सांगितलं, "त्या टेस्टरबाईची कृपा." साहजिकच टेस्टरबाई दुसऱ्या दिवशी पुरवठा खरंच बंद आहे ना ते बघायला गेली तेव्हा अख्खा जिना तिच्यावर तुटून पडला. फ्रिजमधलं अन्न नासलं होतं. पाण्याचा पंप बंद. पेन्शनर गृहस्थ बादली घेऊन चार मजले चढत होते.

शिंपीणकाकू सगळ्यांच्या पुढे होत्या. "बाई, तुमच्यामुळे माझी दोन्ही मशीनं बंद पडली. बारा गणवेश द्यायचेत मला. पाच वर्षं काही झालं नाही, आणखी चार दिवस काय होणार होतं?"

टेस्टरबाई एक पायरी वर चढली, कारण मागच्यांना ती दिसत नव्हती. "काकू, माझ्यावर ओरडा, हरकत नाही. पण एक सांगा. तुमच्या सासूबाईंना तुम्ही बादली बाहेर आणून देता. का?"

काकूंनी वर आपल्या दाराकडे पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं म्हणून. सगळ्यांना माहीत होतं. सोळा घरांत फळ्या ठेवल्यात तुम्ही. इतक्या फळ्या ठेवण्यापेक्षा एकदा सगळ्यांनी मिळून खाली जाऊन विचारलं असतंत, तर आज मी इथे नसते. मी वीज जोडून देऊ शकत नाही आणि देणारही नाही. खड्डा जोडून द्यायचं काम मालकांचं. त्यांना जाऊन विचारा."

चिडचिड लगेच थांबली नाही. एकजण तर म्हणाला, "नाकाने कांदे सोलायला काय जातंय हिचं." पण ती निघाली तशा शिंपीणकाकू तिच्यामागून फाटकापर्यंत आल्या. हातात कात्री तशीच होती.

"रविवारी संघटनेची सभा आहे म्हणे. तुमचं नाव काढणार आहेत. तुम्ही जाणार?"

"बोलावणं नाही."

"आम्हालाही नाही," काकू म्हणाल्या. "आम्ही जाणार."

सभागृहात चाळीस मालक होते. मागच्या रांगेत न बोलावलेले अकरा भाडेकरू आणि त्यांच्या टोकाला खाकी पिशवी मांडीवर घेतलेली टेस्टरबाई. अध्यक्षांनी विषय मांडला: संबंधित तपासनीस अनुभव नसताना घबराट पसरवतात, ज्येष्ठ तपासनिसांचा अपमान करतात, सबब यादीतून नाव कमी करावं. आणि मग त्यांनी आपला हुकमी पत्ता काढला. दारातून मास्तर आले. दोघांनी दोन्ही बाजूंनी धरलं होतं. गेल्या कित्येक महिन्यांत ते घराबाहेर पडले नव्हते.

"मास्तर," अध्यक्ष म्हणाले, "ही इमारत तुम्ही दरवर्षी तपासलीत. सुरक्षित आहे की नाही, एवढंच सभेला सांगा."

मास्तरांनी टेबलाला धरून स्वतःला सावरलं. त्यांनी टेस्टरबाईकडे पाहिलं नाही. "मी पाच वर्षं त्या इमारतीत पाऊल टाकलेलं नाही," ते म्हणाले. "फाइल घरी यायची. मी मागच्या वर्षीचा आकडा उतरवून काढायचो. तो आकडा खोटा आहे. सह्या माझ्या आहेत."

सभागृहात एकदम गलका झाला. अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, तुमची तब्येत..."

"गुडघे गेलेत माझे, जीभ नाही गेली. तुम्ही पट्टी कापलीत आणि मला सांगितलं नाहीत. पण विचारायला हवं होतं मी. ते मी केलं नाही." एवढं बोलून ते खुर्चीत बसले.

टेस्टरबाई उठली. पुढे जाऊन बोलायला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ती होती तिथूनच बोलली. "नाव काढायचंय ना, काढा. पण काढण्याआधी प्रत्येकाने घरी जाऊन आपली फाइल उघडा आणि अर्थिंगचा रकाना बघा. पाच वर्षं एकच आकडा दिसला, तर मला बोलावू नका हवं तर, पण कुणाला तरी बोलवा. मी पंचवीस वर्षं हे आकडे बघतेय. पहिली अकरा वर्षं मी खोटे आकडे स्वतःच्या हाताने टाइप केलेत. आता करणार नाही. पोटापाण्याचं मी बघून घेईन."

मतदान झालं. तेवीस विरुद्ध सतरा. तिचं नाव यादीतून गेलं. मागच्या रांगेतून शिंपीणकाकू मोठ्याने म्हणाल्या, "आणि आमचा खड्डा?" त्यावर मात्र मतदान घेता येईना, कारण वीज कार्यालयाचा आदेश अध्यक्षांच्या खिशातच होता आणि विमा कंपनीनेही दाखल्याशिवाय हात वर केले होते.

मंगळवारी झुंबरवाल्याची फरशी फुटली. खड्डा नेमका कुठे आहे ते मास्तरांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. ते दुकानात झुंबरांखाली खुर्ची टाकून बसले आणि काठीने जागा दाखवत राहिले. तिसऱ्या फुटावर प्लेट लागली. मास्तर वाकून बघायला लागले, त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा जुना अभिमान आला. "बघ. होती तशी आहे. जोड पट्टी आणि घे आकडा."

टेस्टरबाईने पट्टी जोडली, अंगणात खुंट्या ठोकल्या, मीटर फिरवला. सहा पूर्णांक सात. पाचाच्या आत हवा होता. फरशीखाली माती कोरडीठाक पडली होती, मीठ कधीच विरून गेलं होतं.

"पाणी टाकलं की येईल खाली," मास्तर म्हणाले.

"आज येईल. उन्हाळ्यात पुन्हा चढेल. दुसरा खड्डा करायला लागेल, मास्तर. बाहेर अंगणात, जिथे दर महिन्याला पाणी घालता येईल."

अध्यक्ष दारातच उभे होते. "पुरे झालं आता! तुमच्या मास्तरांचं अर्थिंग आहे ना ते, तेही चालेना का तुम्हाला?"

टेस्टरबाईने मास्तरांकडे पाहिलं. मीटर तिने त्यांच्यासमोर धरला. मास्तरांनी आकडा वाचला. मग काठी टेकत ते उठले आणि अध्यक्षांना म्हणाले, "दुसरा खड्डा करा."

तो झाला. दोन्ही खड्डे जोडल्यावर आकडा दोन पूर्णांक एकवर आला. ट्रिपर पुन्हा जोडला गेला, चौथ्या मजल्यावरचा गिझर बदलला. तिने सोळाही घरं पुन्हा तपासली. शिंपीणकाकूंनी तेवढ्यात तिच्या पिशवीचा उसवलेला पट्टा मशीनवर शिवून दिला आणि बजावलं, "हे आभारबिभार नाहीत हं. गणवेश अजून राहिलेत माझे, तुमच्यावर राग आहेच." पुरवठा तुटल्यापासून सातव्या दिवशी वीज आली. मास्तरांनी आपला परवाना त्याच आठवड्यात वीज कार्यालयात परत केला. तिला कळलं ते नंतर, तिसऱ्याच कुणाकडून. ती भेटायला गेली तेव्हा ते त्या विषयावर बोलले नाहीत. इस्त्री मात्र तिच्याकडून तपासून घेतली.

टेस्टरबाईला ते वर्ष जड गेलं. कामं निम्म्यावर आली. नवरा दुकान तासभर जास्त उघडं ठेवायला लागला आणि त्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. तिच्या बाजूने जे सतरा हात वर झाले होते, त्यांतल्या नऊ मालकांनी यादी-बिदी न बघता तिला बोलावलं. त्यातल्या तिघांना तिने दाखला नाकारला. दोघांनी दुरुस्ती केली, एक अजूनही तिच्याशी बोलत नाही.

अध्यक्षांना दाखला द्यायला ती स्वतः गेली होती. त्यांनी कागद घेतला, न वाचताच खणात टाकला आणि म्हणाले, "झालं समाधान? पाडलंत ना आम्हाला तोंडावर?"

"तुमच्या आणखी दोन इमारती आहेत," टेस्टरबाई म्हणाली. "त्यांचे अहवाल मला बघायचेत."

"ते तुम्हाला कोण दाखवणार? यादीत नाही तुम्ही."

त्यांनी दाखवलेही नाहीत. पण पुढच्याच महिन्यात त्यांतल्या एका इमारतीतून फोन आला. बोलणारी कुणी अनोळखी बाई होती. शिंपीणकाकूंकडे ब्लाउज शिवायला टाकते म्हणाली. मालकांना विचारलं नाही, विचारणारही नाही, तिसऱ्या मजल्यावरचं आपलं बिऱ्हाड तेवढं तपासून हवंय, आणि जिन्यातला बोर्डही जमलं तर बघा. कधी याल?

टेस्टरबाईने घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा वाजले होते. तिने पिशवी उचलली.

"निघालेच," ती म्हणाली. "एक स्टूल काढून ठेवा."